नव्या गाडीचा पहिला उन्हाळा



२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि तेव्हापासून आपल्या वस्तीत ज्या घरी जावे तिथे गाडीचाच विषय निघतो. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असले की सरकारच्या हिशोबाने ती लहान गाडी. आमच्या दारातही अशी एक उभी आहे. फरक इतकाच की आम्ही ती कर कमी होण्याच्या अकरा महिने आधी, २०२४ च्या विजयादशमीला घेतली. तेव्हाची किंमत आणि आताची किंमत यांची वजाबाकी मुलगा अजून अधूनमधून मोबाईलवर करून बघतो आणि गप्प बसतो. मीही विषय काढत नाही.

"काका, तुमचा अनुभव कसा आहे? घ्यावी का?" असे दोघा-तिघांनी विचारले. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावे म्हणून हा आठवडा गाडीसाठी. कंपनीचे आणि शोरूमचे नाव लिहीत नाही. जाहिरात किंवा बदनामी करण्यासाठी हे सदर नाही, आणि अशी गोष्ट कोणत्याही कंपनीच्या गाडीत घडू शकते.

गाडीची गरज खरी होती. मुलगा जळगावच्या एमआयडीसीत कामाला, सूनबाई धुळ्याला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. मधे ९० किलोमीटर. नात आईजवळ धुळ्याला राहते. शनिवारी रात्रपाळी संपवून सूनबाई बस पकडायची, कधी जागा मिळायची, कधी पारोळ्यापर्यंत उभे राहून यायची. एकदा लेकरू तापाने फणफणले असताना तीन तास बसस्थानकावर काढले आणि त्या रात्री घरात निर्णय झाला. रस्त्यासह सगळा खर्च धरून गाडी ७ लाख १० हजारांना पडली. माझ्या फंडातले २ लाख होते, थोडे सूनबाईच्या बचतीतले, बाकी ५ लाखांचे कर्ज. हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास, पाच वर्षे. आमच्यासारख्या घराला हा आकडा लहान नाही. म्हणून पुढे जे घडले ते आम्हाला एवढे लागले.

गाडी बुक करण्याआधी मी एकच अट घातली होती. दोघांनीही रीतसर ड्रायव्हिंग स्कूलला जायचे, लायसन्स हातात आल्यावरच पैसे भरायचे. मुलगा म्हणाला, "बाबा, मला येते की मित्राची चालवायला." मी ऐकले नाही. आपल्या खान्देशातली १९२९ सालची चाळीसगावची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. बाबासाहेब चौकशी समितीच्या कामासाठी धुळ्याकडे आले होते, परतताना चाळीसगावच्या मंडळींनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यातलाच, ज्याने कधी लगाम धरलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. ते स्वतः लिहून ठेवलेले आहे. टांगेवाल्यांचा राग येतोच, पण ते वाचताना मला दर वेळी त्या हाकणाऱ्या माणसाचे काय झाले असेल असे वाटते. त्याला कोणी शिकूच दिले नव्हते. आपल्याला आता शिकायला कोणी अडवत नाही, मग अर्धवट शिकून रस्त्यावर का उतरायचे? सूनबाई मुलाच्या आधी पास झाली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमच्या मुलीने चारी चाकांखाली चार लिंबे मांडून ठेवली होती. आमची सौ. म्हणाली, "बाई, लिंबं पिशवीत दे, सरबत करू." मुलगी हसली आणि दिलीही.

हिवाळाभर गाडी सोन्यासारखी चालली. जे चांगले ते चांगले म्हटले पाहिजे. सीट उंच असल्यामुळे माझ्या गुडघ्यांना त्रास होत नाही, रिक्षात बसावे तसे सरळ बसता येते. मागे तिघे बसतात, पण तिघेही मोठे असले तर पारोळ्यानंतर कुरकुर सुरू होते. डिकीत दोन बॅगा आणि एक गहू-बाजरीचे पोते मावते. गिरणेचा बांभोरीचा पूल ओलांडला की पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा हा जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा महामार्ग. बराचसा चौपदरी झाल्यापासून दोन तासांत धुळे येते. ताशी ८० ला गाडी शांत असते, ९० च्या पुढे वाऱ्याचा आवाज वाढतो. मागच्या डाव्या दारातून किरकिर येते, ती पहिल्या दिवसापासून.

मायलेजविषयी सगळेच विचारतात. पुस्तकातला आकडा प्रयोगशाळेतला असतो, तिथे ना एसी असतो ना इच्छादेवी चौकातली गर्दी. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावरही जाऊ नका. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा आणि भागाकार करा. आमचे ४१० किलोमीटरला साडेबावीस लिटर लागले, म्हणजे १८ च्या थोडे वर. जळगाव शहरात एसी लावून १३-१४. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने थोडा फरक पडतोच, कारण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी ताकद असते.

मग २०२५ चा एप्रिल आला.

आपल्याकडचा उन्हाळा काय असतो हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकतो. पहिल्यांदा गाडी बंद पडली ती दुपारी तीनच्या सुमारास, पारोळ्याच्या पुढे. मुलगा चालवत होता. ना धूर, ना आवाज, ना तापमानाचा दिवा. चालता चालता इंजिन एकदम गप्प. बाजूला घेतली, वीस मिनिटे किल्ली फिरवली तरी नाही. मग जणू काही झालेच नाही अशी चालू झाली आणि धुळ्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी संगणक लावला, दोष दिसला नाही. "सर, पेट्रोल कुठं भरता? भेसळ असेल," म्हणाले आणि पंप बदलायला सांगितला. पंप बदलला.

दुसऱ्यांदा सूनबाई चालवत होती. मे महिन्यातली संध्याकाळ, मुकटीजवळ, मागच्या सीटवर नात झोपलेली. मागून कंटेनर येत होता. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग लाकडासारखे जड होते आणि ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते. त्या बाईने न घाबरता इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे वाहवत नेली, ब्रेक एकदाच दाबून धरला, चारही दिवे लुकलुकते केले आणि लेकराला घेऊन लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तिथून फोन केला. तिचा आवाज शांत होता, हात थरथरत होते हे तिने नंतर सांगितले.

या वेळी सर्व्हिस सेंटरला ती स्वतः गेली, मुलगा सोबत होता. तिथल्या ॲडव्हायझरने पहिला प्रश्न विचारला, "गाडी मॅडम चालवत होत्या का?" आणि मग मुलाकडे वळून म्हणाला, "हाफ क्लचवर चालवायची सवय असते सर, नवीन लोकांना कळत नाही." मुलगा गप्प राहिला. घरी येऊन मला म्हणाला, "बाबा, आपल्याला गाडीतलं काय कळतं? ते म्हणतात तसं असेल." मला सर्वात वाईट वाटले ते या वाक्याचे. काचेच्या दारातून आत गेले, थंड हवा लागली, समोरचा टाय लावून चार इंग्रजी शब्द बोलला, की आपल्या माणसाच्या तोंडून आवाज निघत नाही. पैसे आपले, हप्ता आपला, लेकरू आपले, आणि अपराधी मात्र आपणच झालो.

मी दोन्ही वेळची जॉब कार्डे मागून पाहिली. पहिल्यावर लिहिले होते, 'जनरल चेकअप'. दुसऱ्यावर, 'क्लच तपासणे'. गाडी चालता चालता बंद पडली हे दोन्ही कागदांवर कुठेच नाही!

मी भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. जळगावहून सकाळच्या पॅसेंजरने अपडाऊन करत नोकरी केली. तिथे ड्रायव्हर इंजिनातून उतरला की आपल्या हाताने लॉगबुकात बिघाड लिहून द्यायचा. कुठल्या स्टेशनाजवळ, किती वाजता, काय झाले. आम्ही फिटर त्या ओळीवर काम करायचो आणि काम केल्याची ओळ खाली लिहायचो. मी हे सांगत होतो तर सूनबाई म्हणाली, "बाबा, आमच्याकडं पण तेच. केसपेपरवर नाही तर इंजेक्शन दिलं असं डॉक्टर मानतच नाहीत." मग आम्ही दोघांनी मिळून एका वहीत लिहून काढले. तारीख, वेळ, मीटरचे किलोमीटर, किती वेळ चालल्यावर बंद, किती मिनिटांनी चालू, एसी चालू होता की बंद, टाकीत पेट्रोल किती. हे मांडल्यावर एक गोष्ट आपोआप समोर आली. दोन्ही वेळा गाडी तासाभराहून अधिक चाललेली होती, ऊन कडक होते आणि थंड झाल्यावर ती चालू झाली. सर्व्हिस सेंटरला मात्र ती दर वेळी सकाळी दहा वाजता, रात्रभर सावलीत उभी राहून जात होती. तापल्यावर बिघडणारी वस्तू थंड असताना तपासली तर दोष कसा दिसणार?

मधे मुलगा वैतागून म्हणाला की पहिली गाडी घेतानाच आपले नशीब फुटके. तेव्हा मी त्याला इंडिकाची आठवण दिली. ३० डिसेंबर १९९८ ला टाटांची इंडिका बाजारात आली. ट्रक करणाऱ्या टेल्कोची ही पहिली छोटी मोटार, पुण्यात पिंपरी-चिंचवडला बनलेली. आकार लहान, आत जागा ॲम्बॅसेडरसारखी ऐसपैस, आणि डिझेलवर चालणारी, असा रतन टाटांचा आग्रह होता. परदेशातला बंद पडलेला निस्सान कारखाना ऑस्ट्रेलियातून उचलून आणून तिची जोडणी उभी केली. लोकांनी आठवडाभरात लाखाहून अधिक बुकिंग केले. आणि मग गाड्या घरोघर पोचल्यावर तक्रारी सुरू झाल्या : आवाज, थरथर, सस्पेन्शन. २०००-०१ या वर्षात टेल्कोला ५०० कोटींचा तोटा झाला. पण तक्रारी ऐकून कंपनीने गाडी सुधारली आणि २००१ मध्ये व्ही-टू नावाची दुसरी इंडिका काढली. ती इतकी चालली की पुढे दहा-बारा वर्षे जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही टॅक्सी स्टँडवर इंडिकाच उभ्या दिसत. २०१८ मध्ये ती बनणे बंद झाले. मुलाला मी एवढेच म्हणालो की त्या पहिल्या गिऱ्हाइकांनी "आपल्यालाच चालवता येत नसेल" म्हणून गप्प बसायचे ठरवले असते, तर व्ही-टू आलीच नसती.

तिसऱ्या वेळी मी बरोबर गेलो. वही काढली आणि ॲडव्हायझरला म्हणालो, "भाऊ, जॉब कार्डवर आमच्या शब्दात लिहा. मराठीत लिहा, चालेल." तो म्हणाला, सिस्टिममध्ये तसे येत नाही. मी म्हणालो, मग हाताने लिहा आणि शिक्का द्या. बराच वेळ गेला, मॅनेजरपर्यंत गोष्ट गेली. मी आवाज चढवला नाही, खुर्चीही सोडली नाही. शेवटी लिहिले गेले : 'एक तास चालवल्यावर उन्हात इंजिन अचानक बंद, १५ ते २० मिनिटांनी चालू, दोन वेळा घडले'. त्याच कागदाचा फोटो मुलाने तिथेच बसून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल केला. दुसरी मागणी अशी की तुमचा मेकॅनिक दुपारी दोन वाजता आमच्याबरोबर संगणक घेऊन गाडीत बसेल.

बसला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता, आयटीआय झालेला, चोपडा तालुक्यातला. काम शिकलेला आणि मनाने चांगला. एरंडोल गेले, काही नाही. तो मोबाईल बघू लागला. पारोळ्याच्या अलीकडे इंजिन बंद पडले आणि पोराने उडी मारूनच संगणकाकडे पाहिले. म्हणाला, "काका, आरपीएम शून्य दाखवतंय, गाडी तर पळतेय!" तिथेच दोष सापडला. क्रँक सेन्सर. इंजिनचा मुख्य दांडा किती वेगाने आणि कुठवर फिरला याची खबर संगणकाला देणारा अंगठ्याएवढा तुकडा. ती खबर थांबली की संगणकाला वाटते इंजिन फिरतच नाही, आणि तो पेट्रोल व ठिणगी दोन्ही तोडतो. आतली बारीक तार कुठेतरी सुटलेली असेल, तापली की अंतर पडते, निवली की पुन्हा चिकटते. क्लचचा संबंध नाही, पेट्रोलचा नाही, सूनबाईंच्या हाताचा तर नाहीच नाही.

चार दिवसांत वॉरंटीत नवा सेन्सर बसला, एक रुपयाही लागला नाही. नव्या जॉब कार्डावर 'क्रँक सेन्सर बदलला' असे लिहून घेतले आणि पहिल्या दोन कार्डांसोबत फाईलला लावले.

आम्हाला पुढे जावे लागले नाही, पण गेलो असतो तर कुठे, याची चौकशी मी तेव्हा करून ठेवली होती. ती तुमच्याही कामाला येईल. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालते. जळगावलाही आयोग आहे, धुळ्यालाही. गाडी नाशिकला किंवा पुण्याला घेतली असली तरी आता तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार देता येते, हा या कायद्यातला मोठा फायदा. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते, पुष्कळदा तेवढ्यानेही कंपनी हलते. ज्यांनी पोटासाठी स्वतः टॅक्सी चालवायला गाडी घेतली, त्यांनाही ग्राहकच धरतात. मात्र आयोगासमोर तोंडी सांगणे चालत नाही, तिथे जॉब कार्डच मागतात. आणखी एक. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीला दोष असलेल्या गाड्या परत बोलवायला सरकार भाग पाडू शकते, गाडी सात वर्षांच्या आतली असली पाहिजे. चासी नंबर टाकून आपली गाडी अशा यादीत आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघता येते. सहा महिन्यांतून एकदा घरातल्या शिकणाऱ्या मुलाला हे काम सांगा.

महामार्गावर गाडी बंद पडलीच तर सूनबाईने केले तेच करा. गाडीत बसून राहू नका. लाल त्रिकोण गाडीपासून लांब, पन्नासेक पावलांवर मागे ठेवा, नाहीतर त्याचा उपयोग नाही. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे, तो मोबाईलमध्ये आजच घालून ठेवा. उन्हाळ्यात टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा, कारण दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा फुगलेला दिसतो. उन्हात उभी केलेली गाडी आधी काचा खाली करून मिनिटभर चालवा, मग एसी लावा. आणि पावसाळ्यात केळीच्या बागेजवळ किंवा गोडाऊनजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी बॉनेट उघडून बघत जावे, उंदीर वायरी कुरतडतात. उंदराचे नुकसान वॉरंटीत येत नाही बरे का.

तर घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर असे. हप्ता भरूनही महिन्याला पोरांच्या शाळेची फी आणि औषधपाणी सुटत असेल, आणि घरात बसची वाट बघणारे कोणी असेल, तर घ्या. लग्नाच्या वरातीत दिसावी म्हणून घेणार असाल तर भाड्याने आणा, स्वस्त पडेल. डिलिव्हरी घेताना दिवसाउजेडी घ्या, चासी नंबर कागदाशी जुळवा, टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा बघा, आणि पहिल्याच दिवशी एक वही गाडीत ठेवा.

सेन्सर बदलल्यापासून गाडी अकरा हजार किलोमीटर चालली, एकदाही थांबली नाही. सूनबाई आता रात्रपाळी संपवून स्वतः चालवत येते. मागच्या डाव्या दाराची किरकिर तेवढी अजून आहे. तीन वेळा लिहून दिली, तीन वेळा 'दुरुस्त केले' असे लिहून आले, आणि एरंडोलच्या पुढे ती पुन्हा सुरू होते. चौथी नोंद पुढच्या सर्व्हिसला.